तांबी आणि गर्भाशयातील रसायन

काही वर्षांपूर्वी ३२ वर्षे वयाची, शेतमजुरी करणारी एक रुग्णा सासूबरोबर आमच्या चिकित्सालयात आली. पाळीत अंगावरून फार जाते, सात-आठ दिवस थांबत नाही, कंबर भरून येते आणि विहिरीवरून पाणी आणताना दम लागतो, अशा तिच्या तक्रारी होत्या. आम्ही असृग्दर असे निदान करून अशोकारिष्ट, पुष्यानुग चूर्ण आणि तांदळाचे धुवण अशी सरधोपट योजना केली. पहिल्या दोन पाळ्यांत थोडा उतार पडला. तिसरी पाळी पूर्वीसारखीच गेली. चौथ्या भेटीस ती एकटी आली आणि जाण्यासाठी उठता उठता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एक सांगायचं राहिलंय. धाकट्याच्या पाठीवर मी तांबी बसवून घेतलीय. घरात कुणाला ठाऊक नाही." त्या दिवशी हिमोग्लोबिन तपासले, ते ७.८ ग्रॅम निघाले.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. येथे निदान प्रत्यक्ष गर्भाशयातच बसलेले होते आणि आम्ही तीन महिने त्याची चौकशीही केली नाही. सासूसमोर विचारले असते तरी तिने सांगितले नसते, हे खरे. परंतु सासूला बाहेर बसवून विचारणे हे आमचे काम होते. त्या प्रसंगानंतर, तांबी गर्भाशयात नेमके काय करते, हे मुळापासून समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न केला. आपल्या वैद्यबंधु-भगिनींस आणि औषधी दुकानदारांस त्याचा उपयोग व्हावा म्हणून तो विषय येथे मांडत आहोत.

लूपपासून तांबीपर्यंत

गर्भाशयात एखादी वस्तू ठेवून गर्भधारणा टाळण्याची कल्पना सांगताना, अरब व्यापारी उंटिणीच्या गर्भाशयात खडे घालीत असत, ही कथा बहुतेक पुस्तकांत येते. आम्हांस ती कथाच वाटते. नीट नोंद असलेला इतिहास विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा आहे. १९०९ मध्ये रिश्टर यांनी रेशीमकिड्याच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याची अंगठी वापरली. १९२० च्या दशकात बर्लिनचे अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी चांदीच्या तारेची अंगठी प्रचारात आणली. या अंगठीच्या चांदीत सुमारे चौथा हिस्सा तांबे मिसळलेले होते, हे नंतर लक्षात आले. म्हणजे तांब्याचा परिणाम त्या काळीही घडत असावा, श्रेय मात्र चांदीला मिळत होते.

१९६२ च्या सुमारास जॅक लिपीज यांचा पॉलिथिलीनचा लूप आला. क्ष-किरणांत दिसावा म्हणून त्यात बेरियम सल्फेट मिसळलेले असे. १९६५ मध्ये भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात लूपचा समावेश झाला. सुरुवातीला लक्षावधी स्त्रियांनी तो स्वीकारला, पण अतिरक्तस्राव, वेदना आणि बसवल्यानंतरच्या देखरेखीचा अभाव यांमुळे तो लवकरच बदनाम झाला. आजही खेड्यातील वयस्क स्त्रिया सुनेला तांबीपासून परावृत्त करतात, त्यामागे त्या लूपच्या आठवणी आहेत. त्यांना अडाणी म्हणून मोडीत काढणे योग्य नव्हे. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते.

तांब्याचा शोध चिलीमधील हाइमे झिपर यांच्या प्रयोगातून लागला. सशाच्या मादीच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात. झिपर यांनी एका शिंगात तांब्याची तार ठेवली व दुसरे तसेच सोडले. तार असलेल्या शिंगात गर्भ रुजणे जवळजवळ थांबले, दुसऱ्यात ते नेहमीप्रमाणे चालू राहिले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट स्पष्ट केली की, तांब्याचे कार्य स्थानिक आहे; ते रक्तावाटे सर्व शरीरात पसरून होत असते तर दोन्ही शिंगांत सारखाच परिणाम दिसला असता. त्याच सुमारास अमेरिकेत हॉवर्ड टेटम यांनी गर्भाशयाच्या पोकळीशी जुळणारा इंग्रजी टी अक्षराचा आकार तयार केला होता. हा आकार स्त्रियांना सोसत असे, पण नुसत्या प्लास्टिकच्या टीमध्ये वर्षाला शंभरात सुमारे अठरा स्त्रियांना गर्भ राहत असे. त्यावर २०० चौरस मिलिमीटर पृष्ठभागाची तार गुंडाळताच हा आकडा एकाच्या आसपास आला. कॉपर-टी २०० हे नाव त्या पृष्ठभागावरूनच पडले.

पुढे आलेल्या कॉपर-टी ३८० ए या साधनाला अमेरिकेत १९८४ मध्ये मान्यता मिळाली आणि भारताच्या शासकीय कार्यक्रमात ते २००२ मध्ये आले. त्याच्या उभ्या दांड्यावर सुमारे १७६ मिलिग्रॅम तार आणि दोन्ही आडव्या बाहूंवर प्रत्येकी सुमारे ६८.७ मिलिग्रॅमची तांब्याची नळी असते. एकंदर तांबे ३१३ मिलिग्रॅमच्या आसपास. पहिल्या वर्षात त्याचे अपयश शंभरात एकाहूनही कमी आहे. एवढे प्रभावी साधन असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी केवळ २.१ टक्के स्त्रिया ते वापरत असल्याचे आढळले. आपल्या लोकांनी मात्र त्याचे नाव धातूवरूनच ठेवले, तांबी. आणि त्या नावात साधनाचे अर्धे शास्त्र आले आहे.

परकी वस्तू आणि निर्जंतुक दाह

गर्भाशयाच्या अंतःस्तराला कोणतीही परकी वस्तू लागली की तो प्रतिसाद देतो, मग ती प्लास्टिकची असो वा धातूची. अल्पावधीतच त्या जागी न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी जमतात, पाठोपाठ मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी येतात. साधनाच्या पृष्ठभागावर या पेशींचा थर बसतो. या दाहात जंतूंचा काही संबंध नसतो, म्हणून त्यास निर्जंतुक दाह म्हणतात. रुग्णेच्या हातात सोनोग्राफीचा वा पेशीपरीक्षणाचा कागद असतो, त्यावर दाह हा शब्द दिसतो आणि ती "पिशवीला सूज आली" असे म्हणत येते. ताप, दुर्गंधी स्राव, ओटीपोट दाबल्यावर वेदना यांपैकी काही नसेल तर ही सूज रोग नव्हे. साधनाचे कार्यच तिच्या आधाराने होते.

या पेशी विघटन पावताना आपल्यातील विकरे, प्रथिने आणि सायटोकाइन नावाचे संदेशक पदार्थ गर्भाशयातील द्रवात सोडतात. पेशीभित्तींतील ॲराकिडॉनिक आम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या साहाय्याने प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. त्यांचे प्रमाण वाढले की गर्भाशयाचे स्नायू अधिक आकुंचन पावतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांची पारगम्यता वाढते आणि पाळीतील वेदना व स्राव दोन्ही वाढतात. नुसत्या प्लास्टिकच्या लूपचे कार्य एवढ्यावरच अवलंबून होते. दाह पुरेसा व्हावा म्हणून लूप मोठा ठेवावा लागे, आणि लूप मोठा म्हणजे त्रास मोठा. तांब्याने ही कोंडी फोडली. लहान आकाराच्या साधनात दाहाचे उरलेले काम तांब्याचे आयन करू लागले.

तांबे कसे विरघळते

गर्भाशयातील द्रवात क्लोराइडचे क्षार, प्रथिने आणि विरघळलेला प्राणवायू असतो. त्यात तांबे हळूहळू गंजते. प्रथम पृष्ठभागावर क्युप्रस ऑक्साइड व क्लोराइड यांचा थर येतो, नंतर त्यातून क्युप्रिक आयन सुटून अल्ब्युमिन आणि अमिनो आम्ले यांच्याशी बांधले जातात. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे सुटणे जोरात असते, पुढे ते मंदावते आणि दिवसाला काही दशक मायक्रोग्रॅमवर स्थिरावते. रोज ४० मायक्रोग्रॅम धरले तरी दहा वर्षांत सुमारे १४६ मिलिग्रॅम होतात, म्हणजे मूळ तांब्यापैकी निम्मेही संपत नाही. ३८० ए हे साधन दहा वर्षांसाठी मान्य आहे, ते या हिशेबाशी जुळते. कालांतराने पृष्ठभागावर कॅल्शियमचे क्षारही बसतात. बारीक तार जागोजाग झिजून तुटू नये म्हणून काही साधनांत तांब्याच्या तारेच्या गाभ्यात चांदी घालतात.

"एवढे तांबे शरीरात गेल्यावर विषार होणार नाही काय?" हा प्रश्न आमच्या सहव्यवसायींनीच आम्हांस अनेकदा विचारला. आपल्या रोजच्या आहारातून एक ते दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. तांबीतून दिवसाला सुटणारे तांबे त्याच्या काही शतांश भरते, आणि त्यातलाही मोठा भाग पाळीच्या स्रावाबरोबर बाहेर पडतो. वापरणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील तांब्याच्या पातळीत लक्षणीय वाढ होत नाही. मात्र विल्सन व्याधी, ज्यात यकृतातून तांबे बाहेर टाकण्याची क्रियाच बिघडलेली असते, आणि तांब्याची ॲलर्जी या दोन अवस्थांत तांबी देत नाहीत.

येथे रसशास्त्राचा संदर्भ देण्याचा मोह होतो. अशुद्ध ताम्राचे वांती, भ्रांती इत्यादी आठ महादोष आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत आणि त्या आधारे तांबीला दोष देणारी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. ते वर्णन मुखावाटे घेतलेल्या, नीट मारण न झालेल्या ताम्राचे आहे. मात्रा वेगळी, मार्ग वेगळा, संयुग वेगळे. ते येथे लावणे म्हणजे शास्त्राचाच विपर्यास होय. याउलट सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २६वा अध्याय या संदर्भात अवश्य वाचावा. शरीरात राहून गेलेल्या शल्यांचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी सोने, चांदी, तांबे आदी धातूंची शल्ये दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विरघळतात, असे म्हटले आहे. शिंग, दात, हाड, दगड यांची शल्ये तशी विरत नाहीत, हा भेदही तेथे केला आहे. धातू शरीरात निष्क्रिय पडून राहत नाही, ही निरीक्षणशक्ती विलक्षण आहे. यावरून सुश्रुतकाळी तांबी ज्ञात होती, असे मात्र कृपया कोणी म्हणू नये.

आयनांचे कार्य

सुटलेले तांबे गर्भाशयात तीन-चार मार्गांनी काम करते. पहिला मार्ग म्हणजे दाहाचे बळ वाढवणे. तांब्यामुळे पांढऱ्या पेशींची व प्रोस्टाग्लँडिनांची संख्या नुसत्या प्लास्टिकपेक्षा जास्त होते. दुसरा मार्ग विकरांचा. अंतःस्तरातील कार्बोनिक अनहायड्रेज आणि अल्कलाइन फॉस्फटेज ही विकरे जस्तावर अवलंबून असतात. तांबे जस्ताशी स्पर्धा करून त्यांच्या कार्यात व्यत्यय आणते.

तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाचा, तो शुक्राणूंचा. तांब्याचे आयन ग्रीवेच्या श्लेष्म्यातही उतरतात, त्यामुळे शुक्राणूंची अडवणूक गर्भाशयाच्या दारातच सुरू होते. शुक्राणूच्या पेशीभित्तीत बहुअसंतृप्त स्निग्धाम्ले भरपूर असतात. तांबे आपली विद्युत्भार-अवस्था सहज बदलते, त्यामुळे क्रियाशील ऑक्सिजनाचे कण तयार होऊन या स्निग्धाम्लांचे ऑक्सिडीकरण होते. शुक्राणूची गती मंदावते आणि स्त्रीबीजाच्या आवरणात शिरण्यासाठी लागणारी त्याच्या डोक्यातील विकरे वेळेवर काम करीत नाहीत. तांबी असलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयात डोके आणि शेपूट वेगळे झालेले शुक्राणू आढळले आहेत. जे उरतात त्यांना भक्षक पेशी गिळतात. बीजवाहिनीपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या अशा रीतीने फारच घटते.

"दर महिन्याला गर्भ पडतो काय?"

हा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रियांची संख्या थोडी नाही, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. अनेक वर्षे वैद्यकीय पुस्तकांतही, गर्भ तयार होतो परंतु तांबी त्याला रुजू देत नाही, असेच लिहिलेले असे. आम्हीही विद्यार्थिदशेत तेच शिकलो. ज्या स्त्रीच्या मनात याबद्दल धार्मिक वा भावनिक शंका आहे तिला चुकीचे उत्तर देणे हा अपराध ठरेल. म्हणून यासंबंधीचा पुरावा जरा सविस्तर देतो.

फलित बीज गर्भाशयात रुजू लागताच त्याच्या पेशींतून कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन हे संप्रेरक रक्तात येते. आज दुकानात मिळणारी गर्भचाचणी त्याच संप्रेरकावर चालते. तांबी असताना दर महिन्याला गर्भ रुजू लागून पडत असेल, तर पाळीच्या आधीच्या दिवसांत या संप्रेरकाची अल्पशी चढउतार वारंवार दिसली पाहिजे. १९८५ मध्ये सीगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म पद्धतीने ही तपासणी केली, तेव्हा साधन वापरणाऱ्या स्त्रियांत अशी चढउतार जवळजवळ आढळलीच नाही. १९८८ मध्ये अल्वारेझ, क्रोक्साटो आदी संशोधकांनी याहून थेट मार्ग घेतला. नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांच्या बीजवाहिन्यांतून त्यांनी स्त्रीबीजे मिळवली. या स्त्रियांचा समागम बीजोत्सर्गाच्या सुमारास झालेला होता. कोणतेही साधन न वापरणाऱ्यांच्या बीजांपैकी जवळपास निम्मी फलित होऊन नीट वाढत होती. साधन वापरणाऱ्यांत नीट वाढणारे एकही फलित बीज मिळाले नाही. १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रज्ञांच्या गटानेही, गर्भ रुजू न देणे हे या साधनांचे मुख्य कार्य असण्याची शक्यता कमी आहे, असाच निष्कर्ष मांडला होता.

म्हणून नियमित वापरातील तांबी मुख्यतः बीज-शुक्राचा संयोगच होऊ देत नाही, असे आम्ही रुग्णेला सांगतो. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तातडीचा उपाय म्हणून तांबी बसवतात, त्या प्रसंगी मात्र संयोग आधीच झालेला असल्यास रुजण्यावर परिणाम होऊ शकतो. ही गोष्टही प्रामाणिकपणे सांगावी, निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

रक्तस्रावाचा हिशेब

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णा याच कारणाने येतात. सर्वसाधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. तांबीमुळे ते साधारण निम्म्याने वाढते. जुन्या लूपमध्ये याहून अधिक वाढत असे. कारणे दोन. प्रोस्टाग्लँडिनांमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, हे वर आलेच आहे. त्याचबरोबर अंतःस्तरात प्लास्मिनोजेन सक्रिय करणारे पदार्थ वाढतात, त्यांपासून बनणारे प्लास्मिन फायब्रिनच्या जाळ्यावर तुटून पडते, आणि वाहिनीच्या तोंडावर बसलेली गुठळी लवकर विरघळते. आधुनिक चिकित्सक ट्रॅनेक्झॅमिक आम्ल देतात ते ही दुसरी साखळी तोडण्यासाठी आणि मेफेनॅमिक आम्ल देतात ते पहिली. दाहशामक औषध दिले तर तांबीचे कार्यच निकामी होईल, अशी भीती काही वैद्य बाळगतात. पाळीच्या चार-पाच दिवसांत अशी औषधे घेतल्याने गर्भधारणा वाढल्याचे दिसलेले नाही. तांब्याचे आयन सुटणे त्याने थांबत नाही.

आता लोहाचे गणित पाहू. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीचे ३५ मिलिलिटर रक्त गेले तर १४ मिलिग्रॅम लोह जाते. ५५ मिलिलिटर गेले तर २२. वरवर पाहता फरक महिन्याला ८ मिलिग्रॅमचाच. पण ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण आणि जेवणावर लगेच चहा अशा आहारातून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि ते बहुतेक रोजच्या झिजेतच खर्च होते. ज्या स्त्रीचा साठा दोन बाळंतपणांनी आधीच रिकामा झाला आहे, तिचा जमाखर्च या आठ मिलिग्रॅमने बिघडतो. आणि स्राव शंभर मिलिलिटरवर गेला तर महिन्याला ४० मिलिग्रॅम जातात. २०१९–२१ च्या सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया पांडुग्रस्त आढळल्या. तांबी बसवणारे हात आणि हिमोग्लोबिन पाहणारे हात पुष्कळदा वेगवेगळे असतात. मधल्या जागेत ती स्त्री आपल्याकडे येते.

बहुतेक स्त्रियांत तीन ते सहा महिन्यांत वेदना आणि स्राव कमी होऊ लागतात. त्या काळात धीर देणे, लोह भरून काढणे आणि पाळीपुरता स्तंभनाचा उपाय करणे यास आमची संमती आहे. नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, सोबत आवळा, आणि जेवणानंतर तासभर चहा बंद. सहा महिन्यांनंतरही स्राव तसाच असेल, मधल्या दिवसांत अंगावरून जात असेल, तर तांबीलाच दोष देत बसू नये. गाठ, जंतुसंसर्ग वा अन्य कारण तपासून घ्यावे. पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूस दुखू लागले तर अस्थानी गर्भाचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तांबीने अस्थानी गर्भाचा एकंदर धोका घटतो. परंतु तांबी असताना चुकून गर्भ राहिलाच, तर तो अस्थानी असण्याचे प्रमाण अधिक असते.

संप्रेरकयुक्त साधनाची वेगळी चाल

फिनलंडमधील तापानी लुक्काइनेन यांच्या कार्यातून आलेले आणि १९९० पासून वापरात असलेले लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त साधन तांबीच्या आकाराचे असले तरी त्याचे रसायन अगदी निराळे आहे. ५२ मिलिग्रॅम संप्रेरकाच्या साठ्यातून आरंभी दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम अंतःस्तरात उतरते. त्याने इस्ट्रोजेनचे ग्राहक कमी होतात, आणि प्रभावी इस्ट्राडिओलचे दुर्बल इस्ट्रोनमध्ये रूपांतर करणारे विकर वाढते. अंतःस्तराला ऋतुकाळाचा संदेश पोहोचतो, पण ऐकू येत नाही, असे म्हणता येईल. ग्रंथी आक्रसतात, स्तर पातळ होतो, ग्रीवेचा श्लेष्मा घट्ट होतो. पहिले काही महिने ठिपके लागत राहतात. वर्षअखेर स्राव नव्वद टक्क्यांपर्यंत घटतो आणि पाचांतील एखाद्या स्त्रीची पाळी दिसेनाशी होते. अशी स्त्री नष्टार्तव म्हणून आपल्याकडे आली आणि आपण आर्तवजनन औषधे सुरू केली, तर तो पहिल्या प्रसंगाचाच उलटा प्रमाद ठरेल.

सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. त्या भाषेत सांगायचे तर तांबी प्रामुख्याने बीजावर व अंबूवर आघात करते, तर संप्रेरकयुक्त साधन क्षेत्रालाच ओसाड ठेवते. ही आमची मांडणी आहे, ग्रंथोक्त नव्हे; विद्वानांनी ती तपासावी. साधन काढल्यावर दोन्ही प्रकारांत क्षेत्र पूर्ववत होते. तांबीमुळे वंध्यत्व येते हा समजही तपासला गेला आहे. मेक्सिकोतील स्त्रियांवरील, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजवाहिन्या बंद होण्याचा संबंध तांबीशी आढळला नाही. तो क्लॅमिडिया या जंतूच्या पूर्वसंसर्गाशी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीवर आधारित १९९२ च्या अहवालानुसारही कटिरातील संसर्गाचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या वीस दिवसांत जास्त असतो, पुढे तो कमी व स्थिर राहतो. यावरून बसवतानाची स्वच्छता आणि आधी असलेला संसर्ग यांकडे बोट जाते.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांस एक विनंती. तांबी असताना उत्तरबस्ती करू नये, यात आमचे मत ठाम आहे. योनिपिचू ठेवलाच तर काढताना तांबीचे धागे त्यासोबत ओढले जाणार नाहीत याची खात्री करावी, आणि नंतर धागे पूर्वीइतकेच हाताला लागतात का हे रुग्णेस पाहण्यास सांगावे.

दुकानदार बंधूंसाठी

साधनाचे पाकीट हाती घेतल्यावर कधी कधी आतील तांबे काळपट दिसते आणि ग्राहक ते खराब म्हणून परत करतो. तो हवेतील प्राणवायूने आलेला ऑक्साइडचा थर आहे. गर्भाशयात गेल्यावर हीच क्रिया घडायची असते. पाकीट अखंड असेल आणि मुदत संपली नसेल तर ते साधन वापरण्यास योग्य असते. पाकिटावरील मुदत निर्जंतुकतेची असते, गर्भाशयात किती वर्षे चालेल त्याची नव्हे. या दोन तारखांचा घोळ झाल्याने धडधाकट तांबी काढून घेण्यासाठी आलेल्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. दुसरी गोष्ट अशोकाची. रस्त्याकडेला लावलेल्या उंच, सरळ, खोट्या अशोकाची साल खऱ्या सीता-अशोकाच्या सालीत मिसळून बाजारात येते. अरिष्टाचा गुण आला नाही की दोष वैद्याला लागतो. खरेदी करताना साल ओळखणारा माणूस जवळ असावा.

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णेस आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरबाईंकडे पाठवले. धागे जागेवर होते, गर्भाशयात अन्य दोष नव्हता. तांबी काढून टाकावी असे आमचे मत पडले. तिने नकार दिला. तिसरे मूल नको होते आणि दुसरा कोणताही उपाय घरात लपवता येण्याजोगा नव्हता. डॉक्टरबाईंनी पाळीच्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या, लोह आम्ही पाहिले. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झाले. नातू शाळेत जातो आणि आजीला कागद वाचून दाखवतो, म्हणून तिच्या केसपेपरवर आम्ही अजूनही तांबी हा शब्द लिहीत नाही, नुसते "ता." असे लिहितो.